काठावरच्या चपला

आमच्या बीबी गावात कुणाची मोटर विहिरीत पडली की एकाच माणसाला निरोप जातो. बुडी मारण्याआधी तो चपला काढून बायकोच्या हाती द्यायचा. ती काठावर बसून राहायची, आणि डोकं पाण्याबाहेर आलं की त्याची पहिली नजर तिच्याकडे जायची. आम्ही हसायचो, "चपला काय कोनी चोरून नेते का बे?"

यंदा लग्नाच्या पंचविशीला मला समुद्रात बुड्या मारायची हौस आली. पोहणं म्हणाल तर कमरेएवढ्या पाण्यातलं! आठवडाभर बोटीवरच राहायचं, की किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहून रोज बुडीला जायचं, यावर घरात भांडण. मला बोट हवी, बायकोला हॉटेल. परवा तो बुडी मारणारा आमची मोटर काढायला आला, तेव्हा म्हटलं, जाणत्यालाच विचारू.

कमरेला दोर बांधत तो म्हणाला, "बोटीवर वहिनी येतीन?"

"नाई. तिले बोट लागते. मी एकटाच जाईन."

"मंग भाऊ, वर आल्यावर पाह्यसान कोनाले?"

माझी बोट तिथंच बुडाली. त्याने चपला काढल्या आणि त्या हातात धरून तसाच उभा राहिला. त्याची बायको जाऊन दोनच महिने झालेत, हे मला तेव्हा आठवलं. मग त्याने त्या तिच्या जागेवर नीट ठेवल्या आणि उडी घेतली.

मी चपला उचलून तिथं बसलो. मोटर बांधल्याची खूण म्हणून त्याने दोराला दोन झटके दिले. डोकं वर आलं. त्याने काठाकडे पाहिलं.

खाली काहीच काम उरलं नव्हतं, तरी त्याने पुन्हा बुडी मारली.