धडधड आणि पहिली धार

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव बुर्माकान. आमच्यात धाकट्या सुनेनं सासरच्या थोरल्यांचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणून इथे लिहून मोकळी होते. वय साठीकडे झुकलेलं, अंग काटक, जीभ माझ्याहून जराशीच कमी तिखट. गेल्या वर्षी थोरले दीर गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता या उन्हाळ्यात बाई कुरणावर चढायच्या नाहीत. बाई सगळ्यांच्या आधी चढल्या. डोंगरातल्या सुसामीरच्या कुरणावर आमचे दोन तंबू शेजारी शेजारी उभे राहिले आणि दोन्ही घरच्या घोड्यांची शिंगरं एकाच दावणीला बांधली गेली.

आणि मग ते सुरू झालं. सकाळी डोळे उघडायच्या आत त्यांच्या छातीत धडधड सुरू व्हायची. स्वप्न नाही, आवाज नाही, काही नाही. जाग आली की काळीज चौखूर उधळलेलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या उंबऱ्यात बसल्या होत्या, एक हात छातीवर, दुसऱ्या हातानं दाराचा लोकरी नमदा घट्ट धरलेला.

"जाऊबाई, काय झालं?"

"काही नाही गं. चुलीत गोवऱ्या घाल."

"तोंड पांढरं पडलंय तुमचं."

"मग लाल रंग लाव. घोड्या थांबल्यात."

अशा अवस्थेत त्या धार काढायला गेल्या. घोडीची धार म्हणजे गाईची नव्हे, की बसलं आणि ओढलं. आधी शिंगराला दोन घोट पिऊ द्यायचं, मग कुणीतरी त्याला आईच्या नाकासमोर धरून ठेवायचं, आणि तेवढ्या घटकेत एका गुडघ्यावर बादली तोलून, घोडीच्या पायाभोवतून हात घालून दूध काढायचं. घोडीचा पान्हा टिकतो तो तेवढाच. त्या दिवशी त्यांच्या भुऱ्या घोडीनं पान्हा चोरला. कान मागे टाकले, अंग आवळलं, आणि बादलीला अशी लाथ घातली की बादली माझ्या पायाशी आली. तीच भुरी घोडी, जी जाऊबाईंच्या हाताशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नसे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाकीच्या घोड्याही तिचं बघून शिकल्या.

मग मी शहाणपणा केला. ओढ्यापलीकडच्या झुराकान आजीला बोलावून आणलं. तिला काळीज उचलता येतं. आमच्याकडे कुणाची छाती अशी धडधडायला लागली की माणूस भ्यालं, त्याचं काळीज जागेवरून सरकलं, असं धरतात. आजीनं वाटीत काठोकाठ पीठ भरलं, वर फडकं बांधलं, आणि ती वाटी जाऊबाईंच्या छातीवर, पाठीवर, खांद्यांवर दाबत पुटपुटत राहिली. फडकं सोडून बघितलं तर पीठ एका बाजूला खचलेलं.

"हे बघ," आजी म्हणाली. "भ्यालीस तू. कशाला भ्यालीस?"

"कशालाच नाही."

"आठव. लांडगा आला होता? वीज पडली?"

"तुझे हात गार आहेत, त्यांना भ्याले."

"थट्टा करतेस? भीती सापडल्याशिवाय काळीज बसत नाही. आणि बसेपर्यंत घोडीखाली बसायचं नाही. उधळल्या काळजाची बाई बसली की घोड्या आटतात."

हे काही आजीनं नवीन काढलं नव्हतं. आम्ही सगळ्या तेच मानतो, मीही मानत होते. म्हणून जाऊबाईंच्या घोड्यांची धार मी काढायला घेतली आणि त्यांना तंबूत बसवलं. बसवलं म्हणजे काय, आजारी करून टाकलं. हाताला काम नाही, तर बाई पहाटेपासून अंथरुणात पडून राहायच्या, कधी धडधड सुरू होते याची वाट बघत. वाट बघितली की ती यायचीच. मला वाटायचं, मी त्यांचं भलं करतेय. दूध माझ्याही हाती धड येत नव्हतं ते वेगळंच.

कुरणावर फोन लागतो तो फक्त टेकडीवर; तिथून बातमी शहरात त्यांच्या मुलापर्यंत, एर्मेकपर्यंत पोचली. तो गाडी घेऊन आला आणि आईला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिथे त्यांच्या छातीला तारा चिकटवल्या, दिवसभर यंत्र कमरेला बांधून फिरवलं, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजाला काही झालेलं नाही. जाग येताना अंग उगाच घाबरतं, त्यात काळ्या चहावर चहा, रात्रीची अर्धी झोप. उठल्या उठल्या ताडकन उभं राहू नका. आधी कुशीवर वळा, मग बसा, पाय जमिनीला टेकवा, श्वास लांब सोडा, पाणी प्या. छातीत दुखलं, चक्कर आली, तर मात्र एक क्षण थांबू नका, या.

एर्मेकनं यातलं शेवटचंच वाक्य ऐकलं. आईला कुरणावर परत आणून सोडताना तो आमच्या ह्यांना म्हणाला, "काका, पुढच्या आठवड्यात मी आईला कायमची घेऊन जातो. तिच्या घोड्या तुम्ही सांभाळा."

आमचे हे मान हलवून मोकळे. पुरुषांची मान हलवायला काय जातं! गाडी वळणाआड गेली तशा जाऊबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बातीना, पाचव्या मजल्यावर मी काय करू? खिडकीतून गाड्यांची धार काढू?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. घोड्या गेल्या तर ही बाई उरणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं शिपायासारखं पाळायला घेतलं. काळा चहा बंद. आमच्यातल्या बाईनं सकाळचा काळा चहा सोडणं म्हणजे काय ते आमच्यातल्या बाईलाच विचारा. पहिले दोन दिवस डोकं धरून बसल्या होत्या, पण प्याल्या नाहीत. जाग आली की कुशीवर. मग बसायचं. पाय गार जमिनीवर. मग कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, चामडी बुधल्याशी जायचं आणि सावकाश घुसळायचं. दांडा खाली जाताना श्वास सोडायचा, वर येताना घ्यायचा. त्या घुसळण्याचा आवाज मला माझ्या तंबूत ऐकू यायचा. आधी धपाधप, मग हळूहळू संथ.

"थांबतं का हो?" मी विचारलं.

"कधी थांबतं, कधी नाही. पळायचं तर पळू दे. मी कशाला त्याच्यामागे पळू?" आणि लगेच, "उद्या भुरीखाली मी बसणार. तू शिंगरू धर."

"अहो, आजी काय म्हणाली? घोड्या आटतील!"

"तुझ्या हाती काय पूर आलाय? बादलीचा तळ दिसतो रोज."

लागलं मला ते. पण खरं होतं.

पहिल्या दिवशी भुरीनं थेंब दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जाऊबाई घामानं भिजल्या होत्या, दात आवळलेले, हात थरथरू नये म्हणून दंड लाकडासारखा ताठ. मी म्हटलं, सोडा आता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शिंगराच्या मानेत तोंड लपवलं.

तिसऱ्या दिवशी त्या बसल्या, आणि काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कपाळ घोडीच्या पोटाला टेकवलं आणि तिला सगळं सांगून टाकलं. "धावतंय गं माझं. आत्ता धावतंय. हात पण थरथरतात. लाथ मारायची असेल तर मार, पण मी कुठे जात नाही." बोलता बोलता कोंडलेला श्वास बाहेर पडला, दंड सैल झाला. भुरीनं एक सुस्कारा टाकला आणि बादलीत धार वाजली. काळीज तेव्हाही धावतच होतं, त्यांच्या मानेवरची उडणारी शीर मला दिसत होती. म्हणजे आम्ही सगळ्या इतकी वर्षं चुकलो होतो. घोडीला धडधडीचं वावडं नव्हतं. श्वास कोंडून, दात आवळून काही झालंच नाही असं दाखवणारं माणूस तिला नको होतं. हे मी झुराकान आजीला अजून सांगितलेलं नाही, कारण मला भांडण नको आहे.

एर्मेक ठरल्याप्रमाणे आला. सकाळी मी त्यांच्या तंबूत गेले तर तो आईच्या रजया गुंडाळत होता आणि जाऊबाई अंथरुणाच्या कडेला बसल्या होत्या, पाय जमिनीवर, हात छातीवर.

"काय होतंय, आई?"

मला वाटलं, आता त्या म्हणणार, काही नाही. त्या म्हणाल्या, "धावतंय. उठल्यापासून."

त्याचा चेहरा उतरला. "बघ! म्हणूनच म्हणतोय, चल. बाबांना पुरलं, आता तुलाही पुरायचं नाहीये मला! त्या सकाळी मी फोनवर बाबांना विचारलं, माल-जान अमान? अमान, म्हणाले. आणि दुपारी घोड्यांपाशी..." तो हातातली रजई आणखी आवळून गुंडाळायला लागला. गुरं-माणसं सुखरूप ना, हे सकाळी एकमेकांना विचारल्याशिवाय आमचा दिवस उगवत नाही, आणि मरायला टेकलेलं माणूसही अमानच म्हणतं.

जाऊबाईंनी त्याच्या हातातली रजई काढून घेतली. "मलाही तेच सांगितलं त्यांनी, एर्मेक. याच रजईत. रात्रभर छाती चोळत होते आणि सकाळी अमान. मी वर्षभर त्यांच्यावर रागावलेय, ठाऊक आहे तुला?" त्यांनी श्वास लांब सोडला, मग पुन्हा बोलल्या. "मी अमान म्हणणार नाही. ऐक. धावतंय. दुखत नाही. चक्कर नाही. दुखलं तर बातीनाला हाक मारीन, ती साऱ्या कुरणाला ऐकू जाईल असं ओरडेल, तिला ते येतं. आणि टेकडीवरून तुला रोज खरं काय ते सांगीन. याच्याहून जास्त मला शहरातही देता येणार नाही. आता बाहेर चल, घोड्या थांबल्यात."

त्यानं गुंडाळलेल्या रजया तशाच सोडल्या. मग गेला. शहरी बूट शेणात, हातात भुरीचं शिंगरू, आणि शिंगरू त्यालाच ओढतंय. जाऊबाई गुडघ्यावर बसल्या, घोडीशी काहीतरी बोलल्या. बोटं थरथरत होती, ती एर्मेकनं पाहिली. मग धार बादलीच्या तळाशी वाजायला लागली, आणि वाजत राहिली, फेस चढेपर्यंत.

"आई," एर्मेक म्हणाला, "थांबलं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? पुढचं शिंगरू सोड."

त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि दावणीशी वाकला. गाठ त्याला लवकर सुटेना. जाऊबाई बादली गुडघ्यावर धरून, श्वास सावकाश सोडत, त्याची वाट बघत बसल्या.