फ्लोराच्या बाबांचं नाक

अटलांटाजवळच्या अल्फारेटाहून निघतानाच माझं डोकं फिरलं होतं. "आई, दोनला माझा कॉल आहे, जरा पटापट बघ," असं माझ्या मुलाने, निखिलने, गाडीत बसता बसता तीनदा बजावलं. वर अटलांटात पार्किंग शोधण्यात अर्धा तास गेला. त्या छोट्या संग्रहालयाच्या दारात फ्लोरा उन्हात ताटकळत उभी होती.

फ्लोरा माझी रेवदंड्याची शाळासोबतीण. तिच्या लोकांना आमच्याकडे शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे) म्हणतात. ते ज्यू आहेत, हे मला फार उशिरा कळलं. ती मुलीपाठोपाठ अमेरिकेत आली. मी निखिलकडे आलेय म्हटल्यावर तिनेच फोन केला, "जुन्या वर्तमानपत्रांतल्या ज्यूंच्या व्यंगचित्रांचं एक्झिबिशन आहे. तू ड्रॉइंगची बाई, तू बघायलाच हवंस."

आत रेघ अशी सफाईदार की मी पहिल्या फ्रेमसमोरच थबकले. पण त्या सफाईने काढलंय काय, तर एकच माणूस! कुठे फेरीवाला, कुठे बँकवाला, कुठे आठ हातांनी शहराला विळखा घातलेला. नाक मात्र सगळीकडे तेच आकड्यासारखं, बोटं तीच लांबच लांब. इतक्या चित्रकारांपैकी एकालाही शेजारच्या माणसाकडे नीट बघावंसं वाटू नये? मला संताप आला.

"त्या काळी सगळ्यांचीच अशी टिंगल करायचे, मॅडम," तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी समजूत घातली.

"म्हणून काय झालं?" मी फणकारले. निखिलने घड्याळ बघितलं.

शेवटच्या भिंतीवरच्या एका फ्रेमपाशी मात्र मी अगदी जवळ गेले. पिशवी छातीशी कवटाळलेला, बारीक डोळ्यांचा तो माणूस मीही एकदा हुबेहूब असाच काढला होता. आठवीत, शाळेच्या हस्तलिखितासाठी (हाताने लिहिलेला वार्षिक अंक), 'कंजूष' म्हणून, रद्दीतल्या कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून बघून. तो कोण, हे मला ठाऊकही नव्हतं. पुढे बाई झाल्यावर तीस वर्षं फळ्यावर हेच शिकवलं: कंजूष हवा? नाक वाकवा, बोटं लांबवा.

"ओळखलंस?" मागून फ्लोरा म्हणाली.

"तुला आठवतंय?"

"अगं, मैत्रिणीचं चित्र म्हणून कौतुकाने अंक घरी नेला होता मी. बाबांनी असली चित्रं मुंबईत पाहिली होती. म्हणाले, 'हे आपल्याला काढलंय. तिला माहीत नसणार, तिला काही बोलू नकोस.'"

"मग इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"आज बोलावलं ना!"

फ्लोराने मलिदा (खोबरं घातलेले नवसाचे गोड पोहे) आणला होता. कॅफेत डबा उघडताच बाहेरचं खाणं चालणार नाही म्हणून आम्हाला उठवलं. चरफडत बाहेरच्या बाकावर बसलो. माफी मागितली, पण ती माझी मलाच पुरेना. "थांब, तुझ्या बाबांचं खरं चित्र काढून देते," म्हणत मी कागदी नॅपकिन ओढला.

आमच्या ओट्यावर रोज तेलाचा डबा ठेवणारे काका. टोपी जमली, मिशी जमली. नाकाशी हात आपसूक वाकला. दुसरा नॅपकिन घेतला, पुन्हा तेच!

"नाक कसं होतं गं त्यांचं?"

"रोज तुझ्या दारात यायचे. मला काय विचारतेस?"

मला खरंच आठवेना. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

फ्लोराने डबा बाजूला ठेवला आणि मान वळवून चेहरा बाजूने माझ्यासमोर धरला. "हे घे. बाबांचंच आहे. नीट बघून काढ."

मी बघू लागले. छोटंसं नाक, शेंड्याशी किंचित बसकं. पहिलीपासून एका बाकावर बसत आलो आणि मी ते आज पाहत होते. मध्येच निखिल आला. घाई करेल म्हणून मी खेकसणार, तोच म्हणाला, "कॉल कॅन्सल केलाय, आई. होऊ दे तुझं."

ते तिसरं चित्र फ्लोराने घडी न घालता नेलं. बिघडलेली दोन माझ्या पर्समध्ये आहेत. रेवदंड्याला पोचले की आधी ती शाळेत न्यायची आहेत. माझ्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी आता तिथे ड्रॉइंग शिकवते, आणि कंजूष कसा काढायचा, हे तिला मी शिकवलंय.