मायचं नाव घातलेली घागर

"ए बाई, तू दारातच थांब. आणि चपला बाहेर."

दुकानदार माझ्याकडं न बघताच बोलला. बाईसाहेब त्यांच्या उंच टाचांसकट आत गेल्या. मी चपला काढल्या. काढल्या म्हणजे, अशा झटपट काढल्या की जशी काही देवळातच चालले होते.

आधी माझा थाट सांगते, म्हणजे तुम्हालाही हसता येईल. वय सतरा-अठरा. शेजारणीकडून मागून आणलेली जांभळी साडी, तोंडाला पसाभर पावडर. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या हापिसांबरोबर नवे साहेब आले, साहेबांबरोबर त्यांच्या बाया आल्या, आणि त्या बायांच्या दिवाणखान्यांसाठी गोलाईच्या बाजारामागं हे दुकान आलं. देशोदेशींच्या शोभेच्या वस्तूंचं. मी एका साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायची. बाईसाहेब म्हणाल्या, "चल गं माझ्याबरोबर." मला येडीला वाटलं, सोबतीला नेतात. त्या पुडकी उचलायला नेत होत्या.

दारात उभी राहून बघत होते. जळत होते म्हणा. आत काचेच्या कपाटात लाकडी चपलांचा एक जोड होता, कुठल्या तरी थंड देशातला. खाली मखमल, वर दिवा. आणि माझ्या चपला बाहेर धुळीत. त्या लाकडावर मी जेवढी जळले, तेवढी सवतीवर कुणी जळत नसेल. पलीकडं जपानची बाहुली. हातात छत्री धरून सावलीत बसलेली, गोरीपान. माझी माय दुष्काळी कामावर भर उन्हात खडी फोडायची, डोक्यावर फाटका पदर. त्याच्या पलीकडं आफ्रिकेचा मुखवटा. तोंड वाकडं, डोळे बटाट्याएवढे, आणि त्याला एकट्याला अख्खी भिंत. माझं तोंड त्याच्यापेक्षा बरं होतं. पावडरीसकटसुद्धा.

बाईसाहेबांचं तर विचारूच नका. त्या घरात नसल्या की मी त्यांच्या आरशापुढं मान वाकडी करून "अय्या" म्हणून बघायची. त्यांचा "अय्या" चांदीच्या वाटीसारखा वाजायचा. माझा फुटक्या डेऱ्यासारखा.

तेवढ्यात कोपऱ्यात ती दिसली. चिनी फुलदाणी आणि इराणी दिव्याच्या मधोमध एक पितळेची घागर. लखलखीत. तोंडात मोरपिसं खोचलेली. आणि गळ्याखाली पोचा.

तो पोचा माझा होता. आठ वर्षांची असताना विहिरीच्या पायरीवर मीच ती घागर आपटली होती, आणि मायनं मला बदडलं होतं. ज्या पोच्यासाठी मार खाल्ला तो मी ओळखणार नाही? मायच्या मामानं तिच्या लग्नात दिलेली. घरातलं एकुलतं एक पितळ. दुष्काळात विहिरीचा तळ दिसायला लागला. घागर भरायला पाणी नाही, जात्यात घालायला ज्वारी नाही. तेव्हा आम्ही गावाकडं राहायचो; मायनं ती निलंग्याच्या बाजारात मोडीत घातली. आठवडाभर भाकरी मिळाली. माय मात्र महिनाभर त्या बाजाराच्या वाटेला फिरकली नाही.

मी आत शिरले. चपलांशिवाय, विचारल्याशिवाय. दोन्ही हात घागरीवर ठेवले.

"ए! हात काढ!"

"ही माझ्या मायची हाय."

दुकानदार हसला. "तुमच्यात कुठली आली पितळेची घागर?"

'तुमच्यात.' हा शब्द त्यानं असा उच्चारला, जसं काही चिमट्यानं उचलून बाहेर टाकत होता.

"नाव घातलंय मायचं," मी म्हटलं. काठाखालचे ते ठिपके राखेनं घासताना कितीदा बोटाखाली आले होते. वाचता मात्र येत नव्हते.

"बरं, सांग मग. काय नाव तुझ्या आईचं?"

"गिरजा."

बाईसाहेबांनी चष्मा लावला, घागर फिरवली आणि मोठ्यानं वाचलं, "चि. गोदास मामाकडून." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "खोटं कशाला बोलायचं गं?"

दोघं हसले. बाईसाहेबांनी गंमत म्हणून ती घागर घेतली. आणि बंगल्यावर नेली कुणी? मीच. कडेवर घेऊन. ती पुढच्या दारानं दिवाणखान्यात गेली, मी मागच्या दारानं मोरीवर. त्या दिवशी मी घागरीवरही जळले. एकाच घरातून निघालो दोघी, आणि ती कुठं पोचली बघा!

संध्याकाळी माय भाकरी थापत होती. मी विचारलं, "गोदा कोण?"

तव्यावरची भाकर करपायला लागली.

"मीच. माहेरची गोदा. तुझ्या बापाघरी आले तवा गिरजा केली."

"मग सांगितलं का न्हाई कधी?"

"कुणी इचारलं?"

आठवड्याभरानं बाईसाहेबांनी घागर माझ्या पुढ्यात ठेवली. "ही कासाराकडे ने आणि ते नाव घासून आण. येणारे-जाणारे विचारतात, कोण ही गोदा? काय सांगू मी?"

"माझी माय हाय म्हणून सांगा."

"परत तेच?"

"तिचं माहेरचं नाव हाय ते. मी न्हाई घासणार."

"काय म्हणालीस?"

"भांडी घासते बाईसाहेब. मायचं नाव न्हाई घासणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या कशाला? आत्ताच जाते."

जाण्याआधी घागर दिवाणखान्यात नेऊन ठेवली. लोक विचारायला लागल्यापासून बाईसाहेब तिचं नाव भिंतीकडं करून ठेवायच्या. मी ते दाराकडं फिरवलं. कुणीही आत आलं की आधी गोदा दिसली पाहिजे. मग मागच्या नाही, पुढच्या दारानं बाहेर पडले.

मोठ्या बायांच्या शिकायच्या वर्गात गेले. मास्तरीण म्हणाली, आधी स्वतःचं नाव गिरव. मी 'गोदा' गिरवलं. पाटी मायपुढं धरली. तिनं अक्षरांवरनं बोट फिरवलं, जसं कुणी लेकराच्या तोंडावरनं फिरवतं.

दोन वर्षांनी माझं लग्न लागलं. सासरच्यांनी तांदळाचं ताट पुढं आणलं. नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. झकास नाव होतं, सिनेमातल्या बाईचं. दोन वर्षांपूर्वीची ती पावडरवाली असती तर हुरळली असती. मी हात घातला आणि तांदूळ सपाट केले.

"मला नाव हाय," म्हटलं.

मांडवात कुजबूज झाली. सासूनं आठ दिवस मला 'ए' म्हणूनच हाक मारली. नाव राहिलं.

ती घागर परत दिसली नाही. साहेबांची बदली झाली, सामान गेलं. कुणी नाव घासलं असेल, नसेल. मी अजून जळते. त्या लाकडी चपलांवरसुद्धा, खोटं कशाला बोलू?

यंदा नातीचं लग्न आहे. व्याह्यांना आधीच सांगून ठेवलंय. तांदळाचं ताट आणाल तर त्याचा भात शिजवून पंगतीला वाढीन. पण माझ्या नातीचं नाव त्यात बुडू देणार नाही.