मनोजच्या गाडीतला पिवळा दिवा

सातपूरला माझ्या लेथच्या शेजारी कुंदनचं गॅरेज आहे. बारा वर्षं कारखान्यात शिफ्ट केल्यावर या माणसाला टर्बोच्या गाड्या आणखी जोरात पळवायची हौस आली आणि त्यानं नोकरी सोडली. त्याची बायको प्रतिभा हिचं एकच पालुपद, "गॅरेज नको, आपली नोकरीच बरी." त्यात कारखान्यानं निरोप धाडला, सोमवारपासून परत या. कुंदन मला म्हणाला, "मनोजची गाडी नीट झाली तर राहतो. नाहीतर शटर बंद." हे तो हसत म्हणाला, पण हसू काही खरं नव्हतं.

मनोज विंचूरचा, कांद्याचा व्यापारी. त्याच्या गाडीला कुंदननं मोठा एअर फिल्टर आणि हवा दाबून भरणाऱ्या टर्बोपासून इंजिनापर्यंत नवे पाइप बसवले, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅमही बदलला. अशी कामं मिळवायची म्हणून तर त्यानं गॅरेज टाकलं होतं, आणि ही पहिलीच गाडी. ती दोन दिवस नुसती उडाली आणि तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

स्कॅनर म्हणायचा, टर्बोचा दाब कमी पडतोय. का पडतोय, ते काही सांगायचा नाही. कुंदननं सेन्सर बदलला, दिवा गेला, वणीच्या रस्त्याला चढ लागताच परत आला. जुना प्रोग्रॅम टाकून पाहिला, तरी आला. जागेवर उभी असली की गाडी ठणठणीत! "चूक माझीच असणार, पण कुठली तेच कळेना," म्हणत त्यानं आठवडाभर माझं डोकं खाल्लं. कळत मलाही काही नव्हतं, पण कबूल कोण करणार? मी आपला पेट्रोलला शिव्या घालत होतो.

शनिवारी सकाळी मनोज येऊन बसला. "कुंदनभाऊ, लय झालं आता. आज नाय जमलं तर जुनं सामान परत बसवा."

धूर सोडून गळती शोधायचं मशीन कुंदनकडे नव्हतं. त्यानं पत्र्याच्या डब्यात पूजेचे धूप कप पेटवले, पाइपांची तोंडं बंद केली आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं तो धूर नळीतून हळूहळू आत सोडला. लोबानाचा वास सुटला तसे मनोजनं चपला काढून हात जोडले.

"नजर लागली हाय का गाडीला?"

"गळती शोधतोय!" कुंदन खेकसला.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यानं हवेचा दाब जरा वाढवला, तसा बंपरच्या मागून, अगदी खालून, धूर यायला लागला. कुंदननं आडवं होऊन हात घातला. नव्या रबरी पाइपाला लांबलचक चीर पडली होती. जागेवर दाब नसल्यानं ती मिटून राहायची, चढाला दाब वाढला की उघडायची. आणि त्या चिरेलाच घासत पाइपाभोवती एक तार गुंडाळलेली होती. तारेत सुकलेलं लिंबू, सात मिरच्या आणि बिब्बा.

"हे कोणी बांधलं?" तो मनोजवर ओरडला.

"आमी पुढं नंबरप्लेटला बांधतो. आत कोण बांधंल?" मनोज माझ्याकडे पाहायला लागला. मी काय सांगणार, कपाळ?

"मी बांधलं," मागून आवाज आला. प्रतिभा डबा घेऊन उभी होती. "गाडी द्यायच्या दिवशी. बाहेर बांधलं असतं तर तुम्ही काढून फेकलं असतं."

कुंदन तार सोडवून हातात घेऊन उठला. आठवडाभर त्या दिव्यानं त्याला जेवढं चक्रावलं नव्हतं तेवढा तो आता चक्रावला होता. मला त्या दोघांचीही भारी दया आली.

"तुला तर हे गॅरेज नको होतं ना?"

"नकोच आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण ते बंद पडावं असं कधी म्हटलं मी?"