काठाखालचा हात

माकणीच्या धरणाकाठच्या रस्त्यानं मी रोज शाळेत जातो. भूगोल शिकवतो. लाटा किनाऱ्याचा पायथा कसा पोखरतात आणि वरचा कडा कसा ढासळतो, याची आकृती दरवर्षी फळ्यावर काढतो. समुद्र मात्र मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय.

त्या काठावर एक म्हातारा रोज दिसायचा. धोतराचा सोगा खोचून पालथा पडायचा आणि काठाखाली हात घालून चाचपत राहायचा. मला वाटायचं, मासे धरतोय.

एकदा वारं लई सुटलं होतं. लाटांचा फोटो घ्यावा म्हणून मी गाडी लावून काठावर गेलो, तसा तो ओरडला, "सर, मागं सरा! तुमच्या पायाखाली कायबी न्हाय."

मी हबकून मागं आलो. त्यानं काठाखाली हात घातला, तो पार खांद्यापर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा बोटांना काळी ओली माती होती.

"गेल्या आठवड्यात कोपरापतुर जात हुता," तो म्हणाला. "वरनं बघा, गवतबी हललं न्हाय." मग हात पुसत त्यानं विचारलं, "समुद्राकडं बी असंच व्हतं म्हणं. तिथली लोकं काय करत्यात?"

"मागं सरकतात," मी म्हणालो.

त्यानं मागं वळून पाहिलं. वीसेक पावलांवर त्याचं घर होतं. ओट्यावरून त्याची म्हातारी हातानंच खूण करून विचारत होती, आज किती?

त्यानं तिला कोपर दाखवलं.