वाफ्यांमधलं कार्पेट

रस्त्यालाच तण जास्त का येतं? वाफ्याला आपण खत घालतो, पाणी घालतो, मेथीपुढे हात जोडायचे तेवढे बाकी ठेवतो. रस्त्याला काहीच देत नाही, उलट सगळे तुडवतात. तरी तण तिथंच! पंच्याऐंशी साली दादाने मला अमेरिकेत, वेस्ट विंडसरला बोलावून घेतलं, तेव्हा बागेत पहिल्याच दिवशी मी हे विचारलं. दादा पीएच.डी., आजूबाजूचे सगळे इंजिनियर नाहीतर डॉक्टर, आणि मी नववी नापास. दादा म्हणाला, "रघ्या, ती ढकलगाडी आण."

त्या बागेत प्रत्येक कुटुंबाला जमिनीचा एक तुकडा मिळायचा. आमच्या एका बाजूला लेले काका-काकू, दुसऱ्या बाजूला वॉल्टर, रिटायर झालेला पोस्टमन. तीन-चार वर्षांत किस्से साठत गेले. गंमत म्हणजे भाजीचा एकही नाही, सगळे वाफ्यांमधल्या रस्त्याचे. ते सांगायचं काम दादाचं होतं. मार्चमध्ये तो गेला, म्हणून मी सांगतो.

*

दादाने कुठंतरी वाचलं की ओल्या पेपरचे आठ थर टाकले की तण येत नाही. शनिवारी सकाळी आम्ही अख्खा रस्ता पेपरांनी झाकला. लेले काकू वांग्याची रोपं घेऊन आल्या आणि टोकालाच थांबल्या.

"पेपरवर पाय देऊ? सरस्वती आहे ती!"

"काकू, सुपरमार्केटच्या जाहिराती आहेत," दादा म्हणाला.

काकूंनी वाकून बघितलं. "अक्षरं आहेत ना?"

लेले काका केमिकल इंजिनियर. ते काकूंची समजूत घालायला निघाले. पहिला पाय पेपरवर पडला, आणि त्यांनी खाली वाकून पेपरला नमस्कार केला. मग दुसरा पाय. दुसरा नमस्कार. रस्ता तीस फूट होता!

शेवटी दादाने वर गव्हाचं काड पसरलं. काकू म्हणाल्या, "आता चालेल. दिसत नाही." मराठी पेपर मात्र त्यांनी काडाखालीसुद्धा घालू दिले नाहीत. वहिनीचे वडील पुण्याहून पाठवायचे तो गठ्ठा परत गाडीच्या ट्रंकमध्ये गेला आणि तिथंच राहिला.

*

पुढच्या वर्षी काड मी आणतो म्हटलं. कोणाला न विचारता एका शेतकऱ्याकडून वाळक्या गवताचे वीस गठ्ठे आणून पसरले. पिवळं ते पिवळं. काडात बी नसतं, गवतात असतं, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. वाफ्यात पालक दोन बोटं, रस्त्यात गवत गुडघाभर!

वॉल्टर कुंपणाशी आला. "नाइस लॉन!"

दादा रागावला नाही. म्हणाला, "रघ्या, तुझ्या हाताला यश आहे. पुढच्या वेळी गवत वाफ्यात पेर. रस्त्यात पालक येईल."

*

मग कार्पेट. कचरागाडी येते त्या दिवशी लोक चांगली कार्पेटं रस्त्याच्या कडेला टाकून देतात. दादाला एक नारिंगी मिळालं, ते आम्ही वाफ्यांमध्ये अंथरलं. लेले काकांनी त्यावर पाऊल ठेवलं, तोच दादाची मीनल ओरडली, "काका! नो शूज ऑन द कार्पेट!"

सात वर्षांची पोर. काका मागे सरकले आणि त्यांनी बूट काढले. मागून काकूंनी काढले. मग वहिनीने. मग आलेल्या पाहुण्यांनी. दुपारपर्यंत टोकाला अकरा जोड!

वॉल्टरने दादाला हळूच विचारलं, "इज टुडे अ होली डे?"

दादा म्हणाला, "नो. इट्स अ कार्पेट."

दुसऱ्या दिवशी दादाने ते उलटं केलं. मळकट पाठ वर आल्यावर सगळे बूट घालून चालायला लागले.

*

गेल्या वर्षी दादा आजारी पडला. हॉस्पिटलचा पलंग घरी लिव्हिंग रूममध्ये लावला. तो भाजीचं विचारायचाच नाही. रोज एकच. "रस्ता कसाय?"

"चकाचक," मी म्हणायचो. मी महिनाभर बागेत गेलोच नव्हतो.

एकदा वॉल्टर भेटायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "युअर पाथ लुक्स टेरिबल."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग वॉल्टरला म्हणाला, "माय ब्रदर इज व्हेरी काइंड. बट ही लाइज लाइक अ डॉक्टर."

*

मे महिन्यात बागेच्या कमिटीचं पत्र आलं. रविवारपर्यंत रस्त्यावरचं तण गेलं नाही, तर जागा दुसऱ्याला. वहिनी म्हणाली, "देऊन टाकू, भावजी. मला नाही जायचं तिथं."

ती लिव्हिंग रूममध्येही जात नव्हती. पलंग परत गेला होता, पण त्याच्या पायांचे चार खळगे कार्पेटमध्ये तसेच होते. ती मागच्या दाराने ये-जा करायची.

शनिवारी ती कामावर गेली आणि मी सुरी घेऊन लिव्हिंग रूमचं कार्पेट उपटलं. सगळं. विचारलं नाही. पट्टे कापून बागेत नेले, तण उपटलं आणि अंथरले. पलंगाची रुंदी आणि रस्त्याची रुंदी जवळजवळ सारखी निघाली. मी ते उलटं केलं नाही.

संध्याकाळी वहिनी जमिनीच्या उघड्या फळ्यांकडे बघत उभी राहिली. "कार्पेट कुठंय?"

"बागेत."

रविवारी सकाळी ती मीनलला घेऊन आपणहून गाडीत बसली.

लेले काका-काकू आधीच आले होते. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांचे बूट टोकाला काढलेले. कमिटीची बाई आली, तिने बूट बघितले, आणि स्वतःचे काढून आत गेली. वहीत खूण करून म्हणाली, "ऑल गुड."

मग वहिनीने चपला काढल्या. चालत मधोमध आली आणि थांबली. पुढे पलंगाचे दोन खळगे, त्यांच्यापुढे आणखी दोन. तिच्यामागे मीनल थांबली, काका थांबले, काकू थांबल्या. कोणीच हलेना.

मी गाडीकडे गेलो. ट्रंकमधून पुण्याच्या पेपरांचा गठ्ठा काढला, आणि चार खळग्यांवर चार पानं अंथरली. वर काड टाकलं नाही, अक्षरं दिसू दिली.