उठायचे शब्द, बसायचे शब्द

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इंग्रजीतले काही शब्द बसतात आणि तेच शब्द वेळ आली की उभेही राहतात. हा शोध माझ्या वडिलांचा. दर्यापूरच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी त्यांच्याच वर्गात होतो. ते वाक्य म्हणायचे. त्यातला शब्द वस्तूचं नाव असेल तर आम्ही बसून राहायचं. तोच शब्द काम करत असेल तर ताडकन उभं राहायचं. 'वॉटर इज कोल्ड', बसा. 'वॉटर द प्लांट्स', उठा. एक चुकला की अख्ख्या वर्गाला दहा उठाबशा. मास्तरांचा मुलगा म्हणून माझ्याच चुका जास्त पकडल्या जायच्या, असं माझं आजही म्हणणं आहे.

गेल्या वर्षी बाबा न्हाणीत पडले. खुब्याचं ऑपरेशन अकोल्याला झालं, नीट झालं. मग त्यांना अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या घरी आणलं. पाय आता भार घेईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, वॉकरही दिला होता. पण बाबा उठेनात. भीती वाटते असं ते कधी म्हणाले नाहीत. उद्या पाहू, एवढंच म्हणायचे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी एकदा मला जिन्यात गाठून सांगितलं, असेच पडून राहिले तर पुढे उठणं होणारच नाही. आईने ते आतून ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग मी नाटक मांडलं. पलंगासमोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या, एकीवर आई, एकीवर मी, आणि बाबांना म्हणालो, वर्ग घ्या. त्यांनी घेतला, पण लोडाला टेकून. आठवडाभर आम्ही मायलेक उठबस करत राहिलो आणि मास्तर जागचे हलले नाहीत. माझी मस्करीही हळूहळू आटली.

आठव्या दिवशी ते पाय खाली सोडून बसले होते. वॉकर समोरच होता. म्हणाले, 'हँड मी द स्टिक.' आई लगेच उठली. मी त्यांच्या सुजलेल्या पावलांकडे बघत होतो, माझं लक्षच नव्हतं. मी बसून राहिलो.

वॉकर फरशीवर करकरला. वर पाहिलं तर बाबा माझ्यासमोर उभे होते, दोन्ही हात वॉकरवर होते, आणि डोळे वर्गातले होते.

"अबे, थो शब्द काम करून रायला, अन् तू बसून काहून आहेस?"